मुलाला झटका आला तर: कोकणातल्या आईबापांसाठी

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. मी राजापूर तालुक्यात खाडीकडेच्या गावात राहते. माझ्या मुलाला अपस्मार आहे. आता पाचवीत आहे, औषध चालू आहे, शाळा-खेळ सगळं व्यवस्थित चाललंय. वाडीत किंवा नात्यात कुणाच्या मुलाला असं काही झालं की हल्ली मला फोन येतो. रात्री-अपरात्रीही येतो. विचारतात तेच, घाबरतात तसेच. म्हणून सगळं एका जागी लिहिते. ज्यांच्या घरात हे आहे त्यांनी भर घाला, आणि डॉक्टर असाल तर जिथे चुकतंय तिथे सरळ सांगा.

फीट म्हटली की आपल्याला एकच चित्र माहीत असतं: माणूस धाडकन पडला, हातपाय आखडले, तोंडाला फेस आला. माझ्या मुलाचं यातलं काहीच नव्हतं. पहाटे झोपेत त्याच्या तोंडाची उजवी बाजू ओढली जायची, लाळ गळायची, घशातून गुरगुर आवाज यायचा. डोळे उघडे, आपल्याकडे बघतोय, आपलं बोलणं त्याला कळतंय, पण शब्द फुटत नाही. मिनिटभराने सगळं थांबायचं आणि तो परत झोपायचा. सकाळी उशीवर लाळेचा डाग. सासूबाई म्हणायच्या, पोर स्वप्नात घाबरतंय. मुलांमध्ये या प्रकारचा अपस्मार बराच आढळतो आणि बहुतेकांचा वयात येईपर्यंत आपोआप थांबतो, हे आम्हाला नंतर कळलं.

तेव्हा निदान झालं ते नवऱ्याने मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओमुळे. डॉक्टरांसमोर मूल हसतखेळत बसलेलं असतं. झटका घरी येतो, तो बघणारे आपणच. म्हणून एकाने मुलाला सांभाळायचं आणि दुसऱ्याने व्हिडिओ काढायचा. चेहरा आणि चारही हातपाय दिसले पाहिजेत. सुरुवात कुठून झाली, डोळे कुठल्या बाजूला वळले, किती वेळ चाललं, नंतर मूल किती वेळ सुस्त होतं, हे वहीत तारखेसह लिहा. ही वही माझ्या मते फाईलमधल्या अर्ध्या रिपोर्टांपेक्षा जास्त कामाची आहे.

झटका चालू असताना करायचं ते थोडकंच आहे. आजूबाजूची टणक वस्तू, विळी, पाट, स्टूल बाजूला सारा. मुलाला एका कुशीवर वळवा म्हणजे लाळ-उलटी बाहेर येईल. गळ्याजवळचं बटण सैल करा. घड्याळ बघा. तोंडात काही म्हणजे काही घालू नका, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. हातपाय दाबून धरू नका. आणि ते कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, हातात लोखंडी किल्ली देणं बंद करा. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपसूक थांबतात आणि श्रेय किल्लीला जातं.

पाच मिनिटं झाली तरी थांबला नाही, किंवा एक थांबून शुद्ध येण्याआधी दुसरा आला, तर 108 ला फोन. आमच्यासारख्या आडगावात तर रुग्णवाहिका येईपर्यंत वेळ जातो, म्हणून ज्यांची मुलं आधीच औषधावर आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांना नाकात मारायच्या मिडाझोलाम स्प्रेबद्दल जरूर विचारा. वजनाप्रमाणे किती फवारे मारायचे ते चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी स्प्रेलाच रबराने बांधून ठेवा. आमच्याकडे ती देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असते, घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.

---

कुडाळचो

ताई, बरा लिवलास. माझ्या पुतण्याक चार वर्साचो आसताना तापात झटको इलो. आवशीन रडान रडान घर डोक्यार घेतल्यान. शेजारी कांदो घेवन इले, कोण चप्पल घेवन इलो. माझ्या भावान तेका कुशीर केल्यान आणि रिक्षा हाडल्यान. दवाखान्यात पोचापर्यंत झटको थांबलेलो. डॉक्टर म्हणाले, तापातलो झटको, घाबराची गरज नाय. पण आता पोराक जरा कणकण इली तरी वयनी रातभर जागी रवता. दर तापाक झटको येतलो काय? आणि ह्येचा पुढे अपस्मार होता काय?

---

ओपीडी

मी तालुक्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञ आहे. खाडीकाठ ताईंनी लिहिलंय त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

कुडाळच्या भावांसाठी: सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापाबरोबर झटका येणं तसं बरंच आढळतं, शंभरात दोन ते पाच मुलांना येतो. त्यातल्या साधारण एक तृतीयांश मुलांना पुन्हा कधीतरी तापात येतो, म्हणजे दोन तृतीयांशांना येत नाही. पुढे अपस्मार होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा किंचितच जास्त. पॅरासिटामॉलने मुलाला बरं वाटतं, ते द्या, पण त्याने झटका टळतोच असं नाही. त्यामुळे दर तासाला थर्मामीटर लावून रात्र जागवण्यात अर्थ नाही, वहिनींना झोपायला सांगा. काही मुलांना तापाच्या दिवसांपुरतं क्लोबाझाम हे झटके रोखणारं औषध देतो, ते कुणाला द्यायचं हे तुमचे डॉक्टर ठरवतील.

मात्र तापातला प्रत्येक झटका साधा नसतो. मूल सहा महिन्यांच्या आतलं असेल, झटका पंधरा मिनिटांहून लांबला, एकाच दिवसात दोनदा आला, शरीराच्या एकाच बाजूला आला, किंवा झटक्यानंतर मान ताठ वाटतेय, मूल शुद्धीवर येत नाहीये, सारखं ओकतंय, तर ते मेंदूज्वराचं लक्षण असू शकतं. तेव्हा गावच्या दवाखान्यात सलाईन लावून सकाळची वाट बघू नये. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्यावं.

---

निळीशाई

चिपळूणहून लिहितेय. माझी मुलगी सात वर्षांची. तिला झटका वगैरे कधी आला नाही, पण हा धागा वाचून एक विचारावंसं वाटलं. शाळेतून तक्रार आहे की लक्ष नसतं, तंद्रीत असते. घरीही बोलता बोलता थांबते, दहा-एक सेकंद कुठेतरी टक लावते, पापण्या फडफडतात, मग जिथे थांबली तिथून पुढे बोलायला लागते. हाक मारली तरी त्या वेळात ऐकू जात नाही. काल तिची शुद्धलेखनाची वही बघितली. अक्षर सुंदर, चुका नाहीत, पण वाक्यांच्या मधले दोन-दोन, तीन-तीन शब्द गायब. "आजोबा सकाळी … पाणी घालतात." असं. बाईंनी लाल शाईत लिहिलंय, "लक्ष देऊन ऐकणे." हे काय असेल?

---

ओपीडी

ताई, ती वही डॉक्टरांकडे नक्की घेऊन जा. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते अबसेन्स प्रकारच्या अपस्मारासारखं वाटतं. शब्द गाळलेत कारण ते बाईंनी उच्चारले तेव्हा तिचा मेंदू काही सेकंद बंद होता. दिवसात असे अनेक झटके येऊ शकतात, आणि मूल बिचारं आळशी, वेंधळं ठरतं. तंद्री लागलेलं मूल खांद्याला हात लावला की भानावर येतं, हे येत नाही. हा फरक घरी बघा.

डॉक्टर तिला तीन-एक मिनिटं जोरात फुंकर मारायला लावतील. या प्रकारात त्याने झटका समोरच दिसतो. घरी मुद्दाम करून बघू नका. मग ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी. प्रकार नीट ओळखणं का महत्त्वाचं, तर अपस्माराची सगळी औषधं सगळ्यांना चालत नाहीत. कार्बामाझेपिन एका प्रकारात उत्तम, पण अबसेन्सचे झटके त्याने वाढू शकतात. म्हणून शेजारच्या मुलाला लागू पडलेली गोळी आपल्या मुलाला देऊ नये.

---

पायवाट

मी गुहागर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. तुमचा विषय झटक्यांचा आहे, पण मेंदूशी संबंधित दुसऱ्या अडचणींबद्दलही लिहिते, कारण आमच्याकडे त्या आधी दिसतात.

"बापही उशिरा चालला होता, हाही चालेल" हे वाक्य मी इतक्या उंबऱ्यांवर ऐकलंय की आता सुरुवातीलाच थांबवते. चार महिन्यांचं बाळ मान धरत नाही, नऊ महिन्यांचं आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचं चालत नाही, तर दाखवायचंच. वर्षाच्या आतलं बाळ सारखा एकच हात वापरत असेल तर घरचे कौतुकाने "डावरा होणार" म्हणतात. एवढ्या लवकर हात ठरत नसतो, दुसऱ्या हातात ताकद कमी आहे का ते बघावं लागतं. लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे आवळले जातात, मुठी सारख्या वळलेल्या राहतात, हेही सांगा. वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळून बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, हेसुद्धा.

आमच्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. 2013 साली हा कार्यक्रम सुरू झाला, जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पथक संशयित मुलाला जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतं. पण पथक येतं त्या दिवशी नेमकी आई मुलाला घरी ठेवते, "लोक काय म्हणतील" म्हणून. बायांनो, असं करू नका. आशाताईला सांगा, मला सांगा, आम्ही चारचौघांत बोलत नाही. आणि शंका असेल तर पथकाची वाट बघायचीही गरज नाही.

---

देवगडहून_आई

माझं बाळ सहा महिन्यांचं आहे. झोपेतून उठलं की दचकतं. दोन्ही हात एकदम वर-पुढे येतात, मान खाली, पोटातून दुमडल्यासारखं होतं, एक सेकंद, मग सैल. थोड्या वेळाने परत. असं ओळीने बऱ्याच वेळा, मग रडतं. पंधरा दिवस झाले. दृष्ट काढली. दवाखान्यात पोटदुखी सांगून थेंब दिलेत. आधी हसायचं, आता आठवडाभर हसलेलं नाही. सॉरी, चुकीच्या ठिकाणी विचारत असेन तर.

---

ओपीडी

अगदी योग्य ठिकाणी विचारलंत. ताई, आजच निघा. आता बाळ झोपून उठेल तेव्हा व्हिडिओ काढा, आणि जिथे मेंदूविकारतज्ज्ञ व ईईजी दोन्ही आहे अशा ठिकाणी जा. देवगडहून तुम्हाला बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज सोयीचं पडेल. गेल्यावर "पोटात दुखतं" असं सांगू नका. सांगा, "ओळीने झटके येताहेत आणि बाळ हसायचं बंद झालंय." शब्दशः असं सांगा.

बाकीच्यांसाठी लिहितो. तीन महिने ते वर्षाच्या बाळांमध्ये हा एक प्रकार असतो, वेस्ट सिंड्रोम म्हणतात. विल्यम वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1841 मध्ये आपल्याच मुलाचे असे झटके बघून त्यांचं वर्णन लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात छापलं होतं. झटका दिसायला अगदी किरकोळ, पण मेंदूच्या वाढीचं नुकसान मोठं. यावर एसीटीएच इंजेक्शन, प्रेडनिसोलोन, व्हिगाबॅट्रिन अशी वेगळीच औषधं लागतात आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकं बरं. झोपेतून उठल्यावर, ओळीने, एकसारखं दचकणं आणि बाळ आधी करत होतं ते करेनासं होणं, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की दिवस घालवायचे नाहीत.

---

खाडीकाठ

देवगडच्या ताई, तुम्हाला मेसेज केलाय, बघा. बांबोळीत गोव्याबाहेरच्या रुग्णांना 2018 पासून शुल्क लागतं, त्यामुळे आधार आणि रेशनकार्ड बरोबर घ्या आणि गेल्या गेल्या महात्मा फुले योजनेची चौकशी करा. पण कागद गोळा करायला थांबू नका, कागद मागून कुणीतरी आणून देईल.

---

माडबाग

वय झालंय, मोबाईलवर सावकाश टाईप करतो. नातीला अपस्मार आहे. आमच्याकडे ग्रामदेवतेला कौल लावल्याशिवाय घरातलं मोठं काम होत नाही, हे तुम्ही सगळे जाणता. इथे काही जण अंगारा-धुपाऱ्यावर तुटून पडतील म्हणून आधीच लिहितो. आम्ही देवाला गाऱ्हाणं घातलं, आणि नातीची गोळी एक दिवसही चुकवली नाही. दोन्ही केलं. देवाने गोळी बंद कर असं कधी सांगितलेलं नाही, सांगितलं असेल तर ते माणसाने. ज्याने कुणी "औषध थांबवा मगच गुण येईल" असं सांगितलं, त्याच्या दारात परत जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

दुसरं, लग्नाचं. मुलगी आहे म्हणून घरचे लपवतात, त्यातून उपचार लपूनछपून, अर्धवट. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्मार हा लग्नाला आड येणारा आजार म्हणून लिहिलेला होता. 1999 च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. कायद्याने काढला, आपण मनातून कधी काढणार?

---

खाडीकाठ

काका, तुम्ही लिहिलंत ते आमच्या वाडीत वाचून दाखवणार आहे.

गोळीबद्दल थोडं जास्त लिहायचं आहे. औषध सुरू झालं की दोन-तीन महिन्यांत झटके थांबतात आणि घरात कुणीतरी म्हणतं, आता कशाला रोज विष पोटात. इथेच बहुतेकांचं बिघडतं. झटके थांबलेत ते गोळीमुळे. एकदम बंद केली तर आधीपेक्षा जोरात, न थांबणारा झटका येऊ शकतो. साधारण दोन वर्षं एकही झटका नसेल तर डॉक्टर हळूहळू, कित्येक आठवडे घेऊन कमी करतात. औषधाने दहातल्या सातजणांचे झटके आटोक्यात राहू शकतात, मग धीर का सोडायचा?

आपल्याकडचा पावसाळा लक्षात ठेवा. दरड कोसळून रस्ता बंद झाला की तालुक्याच्या दुकानातही ठरावीक कंपनीची बाटली मिळत नाही. मी जूनच्या आधीच महिनाभराचं जास्तीचं औषध आणून ठेवते. पातळ औषध असेल तर बाटली नीट हलवा, आणि मोजायला सुईशिवायची सिरिंज वापरा. घरातले चमचे लहानमोठे असतात.

आणि पाणी. विहिरीचा काठ, खाडी, समुद्र, नदीची कोंड. अपस्मार असलेल्या मुलाने एकट्याने पाण्यात उतरायचं नाही, आंब्या-माडावर चढायचं नाही. न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही. बाकी धावू दे, सायकल मोकळ्या जागेत खेळू दे, कबड्डी खेळू दे. मुलाला घरात कोंडून ठेवण्यासारखा हा आजार नाही.

---

परळहून

गावाहून मुंबईला उपचारासाठी येणारे बरेच जण आमच्याकडे उतरतात, म्हणून दोन शब्द. वाडिया मुलांचं हॉस्पिटल आणि केईएम दोन्ही परळलाच, चालत जाण्याच्या अंतरावर. तुतारीने किंवा कोकणकन्येने सकाळी उतरलात तर सामान ओळखीच्या घरी टाकून लवकर रांगेत लागा. एमआरआयची नुसती चिठ्ठी चालत नाही, फिल्म किंवा सीडी लागते. जुने केसपेपर तारखेप्रमाणे लावा. महात्मा फुले योजनेच्या रुग्णालयात मदतीला आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी भेटा. आणि तपासणीला जो मुलाजवळ रात्री झोपतो तो माणूस आलाच पाहिजे. काका-मामा येतात आणि डॉक्टरांनी विचारलं, सुरुवात कशी झाली, तर गावाला फोन लावतात.

---

निळीशाई

कळवायचं राहिलं. कोल्हापूरला ईईजी झाला. आधल्या रात्री उशिरापर्यंत जागवायला सांगितलं होतं. केस शाम्पूने धुवायचे, तेलाचा थेंब नको. आमच्याकडे खोबरेलाशिवाय वेणी घालत नाहीत, तेव्हा आजीची समजूत घालावी लागली. डोक्यावर बारीक वायरी चिकटवतात, दुखत नाही, शॉक वगैरे देत नाहीत. तिच्या हातात कागदाचं भिरभिरं दिलं आणि म्हणाले, फिरव. ती फुंकत होती, फुंकत होती, आणि मधेच थांबली. भिरभिरं हातात तसंच. पडद्यावर रेषा एकदम उंच उसळल्या. मी समोर उभी होते, सगळं दिसलं.

औषध सुरू झालंय. मुलगी आहे म्हणून डॉक्टरांनी व्हॅल्प्रोएटबद्दल मुद्दाम सांगितलं की वयात आल्यावर त्याचा फेरविचार करावा लागतो, गरोदरपणात बाळाला त्याचा धोका असतो. शाळेत बाईंना भेटून सगळं सांगितलं. त्यांनी पहिल्या बाकावर बसवलं आहे आणि शुद्धलेखनाचं वाक्य तिला दुसऱ्यांदा सांगतात.

---

देवगडहून_आई

बांबोळीला दाखल केलंय. ईईजीमध्ये तेच निघालं जे सरांनी लिहिलं होतं. इंजेक्शनं चालू आहेत. झटके कमी झालेत, पूर्ण थांबले नाहीत. डॉक्टर म्हणतात, कारण शोधायला अजून तपासण्या आहेत आणि वाढीकडे बरीच वर्षं लक्ष ठेवावं लागेल. नंतर फिजिओथेरपी वगैरे जिल्हा रुग्णालयात मिळेल का, ते पायवाट ताईंना विचारायचं होतं.

---

पायवाट

ताई, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन शीघ्र हस्तक्षेप केंद्राबद्दल विचारा, ही केंद्रं मुलांच्या वाढीतल्या अडचणींसाठीच असतात. डिस्चार्ज पेपरची झेरॉक्स तुमच्या अंगणवाडीतही द्या, म्हणजे पथकाच्या नोंदीत बाळाचं नाव येईल. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढची लस देऊही नका, चुकवूही नका. त्या इंजेक्शनांच्या काळात काही लसी पुढे ढकलाव्या लागतात.

---

कुडाळचो

ओपीडी सर, वयनीक वाचून दाखवलंय. काल रातीक झोपली ती. आता गणपतीचा इचारतंय, माझ्या पुतण्याचा नाय, शेजारच्या पोराचा. तेका अपस्मार आसा, गोळये चालू. तो भजनात मृदंग वाजवता. रातभर जागरण चलात काय?

---

ओपीडी

रातभर नको. झोप मोडणं हे झटका येण्याचं मोठं कारण आहे, आणि गणपती-शिमग्यानंतर असे रुग्ण आमच्याकडे हमखास येतात. त्याला संध्याकाळच्या आरतीला आणि पहिल्या भजनाला वाजवू दे. रात्रीची गोळी वेळेवर, जेवण वेळेवर, दहाच्या सुमारास घरी. भजनी मंडळाच्या बुवांना एकदा आधी सांगून ठेवा, म्हणजे ते दुसऱ्या कुणाला तरी पुढच्या बारीला बसवतील. आणि मंडळातल्या दोघांना तरी कुशीवर कसं वळवायचं ते दाखवून ठेवा.